ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे

(बीड जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो वरकरणी क्षुल्लक वाटेल. मोबाईलवर येणारे भीतीचे संदेश, ‘इतक्या जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल’ अशी त्यांची धमकी आणि गावोगाव उठणाऱ्या अफवा, हा तो विषय. धम्माच्या मेळाव्यात हे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाने हजारो वर्षे भीतीच्या राज्यात काढली आणि त्या राज्यातून बाहेर पडण्यासाठी धम्माचा स्वीकार केला, त्याच्या घरात तीच भीती मागच्या दाराने पुन्हा शिरत असेल, तर तो विषय क्षुल्लक कसा?

या संदेशांचे नमुने तुमच्या परिचयाचे आहेत. एक सांगतो, ही तसबीर अकरा जणांना पाठवा म्हणजे शुभवार्ता येईल, पुसून टाकाल तर घरात मृत्यू होईल. दुसरा सांगतो, मुले पळविणारी टोळी तालुक्यात उतरली आहे, अनोळखी माणूस दिसताच धरा. तिसरा सांगतो, अमुक घरातील बाई करणी करते. आणि चौथा खास तुमच्यासाठी असतो: देव्हारा काढलात, आता कोप होईल; कागदावर बौद्ध लिहिलेत, आता सवलती जातील. या चारही संदेशांचा पेहराव वेगळा, पण अंग एकच आहे. प्रत्येकात भीती असते, प्रत्येकात घाई असते आणि पुरावा कशातही नसतो.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे. हे आजचे न्यायालय सांगते आणि त्याच्या कित्येक शतके आधी केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच सांगितले. ज्याने बुद्धाला शरण जाण्याची प्रतिज्ञा घेतली त्याला हे वाक्य केवळ माहीत असून चालणार नाही. मोबाईल हाती घेताना ते त्याच्या आचरणात उतरले पाहिजे.

प्रथम पहिल्या प्रकाराकडे पाहू. मोबाईल येण्यापूर्वी हेच काम पोस्टकार्डे करीत. देवीच्या वा बालाजीच्या नावाने पत्र येई, ‘हे पत्र एकवीस जणांना लिहा’ अशी आज्ञा असे. ज्याने लिहिले त्याला धन मिळाले, ज्याने फाडले त्याचा मुलगा गेला, अशा कथा खाली जोडलेल्या असत. गरीब माणूस मजुरीच्या पैशांतून पोस्टकार्डे घेई आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लिहीत बसे. आता कार्डाचा खर्च वाचला, बोटाच्या एका स्पर्शाने काम होते. पण मनाची गुलामगिरी होती तेथेच आहे.

ही धमकी खोटी आहे हे ओळखण्यास शास्त्रीबुवा नकोत, भिक्खू नकोत आणि वकीलही नको. शाळेतला गुणाकार पुरे. एकाने अकरांना पाठविले, त्या प्रत्येकाने पुढे अकरांना पाठविले, तर दुसऱ्या पायरीवर १२१ संदेश होतात आणि तिसऱ्या पायरीवर १,३३१. आठव्या पायरीवर ही संख्या २१ कोटी ४३ लाखांच्या वर जाते. २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास होती. दहाव्या पायरीवर २,५९३ कोटी संदेश लागतील, म्हणजे पृथ्वीवर आज जितकी माणसे आहेत त्यांच्या तिपटीहून अधिक. याचा अर्थ उघड आहे. अशी प्रत्येक साखळी कोट्यवधी लोक रोज तोडतात, तोडल्यावाचून गत्यंतरच नाही, आणि ते सारे सुखाने जेवतात, झोपतात, कामावर जातात. ज्याला धन मिळाले त्याचे नाव पत्रात असते. ज्या कोट्यवधींना काहीही झाले नाही त्यांचे नाव कोठेच नसते. एकाच पक्षाचे साक्षीदार तपासावयाचे, त्यांची उलटतपासणी होऊ द्यावयाची नाही आणि निकाल द्यावयाचा, याला आम्ही न्याय म्हणत नाही. मग तुम्ही याला श्रद्धा का म्हणावे?

बातमी कशी फुगते याचे उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच माजलगाव तालुक्यातील लवूळ गावाचे नाव जगभर झाले. तेथे वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून झाडावर आणि उंच घरांवर नेत होती, व पिल्ले मरत होती, एवढी त्या बातमीची मूळ गोष्ट. वनविभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. पण तोवर मोबाईलवरून जी कथा गेली ती निराळीच होती. वानरांनी सूड घेतला, त्यांनी कुत्र्यांशी युद्ध पुकारले, २५० कुत्री मारली! हा आकडा देशोदेशींच्या वृत्तपत्रांत छापून आला. आता तुम्ही गावची माणसे आहात. तुम्हीच सांगा, एका खेड्यात पिल्ले किती असतात आणि मेलेल्या पिल्लांची नोंदवही कोण ठेवतो? ‘अडीचशे कोणी मोजली?’ हा एक प्रश्न विचारला असता तर फुगा तेथेच फुटला असता. परंतु कथा चुरचुरीत होती, म्हणून प्रश्न कोणी विचारला नाही. तेथे लोक हसले आणि विसरले. सर्वच अफवा हसण्यावारी जात नाहीत.

१ जुलै २०१८ चा रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले. मुले पळविणाऱ्या टोळीचे संदेश त्या भागात आधीच फिरत होते. ‘हेच ते’ अशी आरोळी उठली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारले. पाचही जण मेले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. त्याच रात्री मालेगावातही एका कुटुंबावर जमाव चालून गेला. त्या कुटुंबात दोन वर्षांचे लेकरू होते. पोलीस वेळेवर पोचले म्हणून ती माणसे वाचली.

ज्या चित्रफिती पाहून त्या वर्षी माणसे पिसाट झाली, त्यांतील एकीची हकीकत ऐका. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याचे काळीज थरारते. ही फीत वस्तुतः पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांना जागे करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा भारतात सोडून दिला. फीत डोळ्यांनी पाहिली, म्हणून ती खरी असे लोकांनी मानले. परंतु डोळ्यांनी पाहिला तो तुकडा. तो कोठला, केव्हाचा, पुरता की अर्धा, हे कोणी पाहिले होते?

आता मला तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. अफवेच्या हातून मरतो कोण? ज्याच्या मागे गाव उभे आहे, ज्याची तालुक्याच्या कचेरीत ओळख आहे, त्याच्यावर जमाव धावून जात नाही. राईनपाड्यात मेले ते भटके. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उत्तर भारतात वेण्या कापणाऱ्या भुताची अफवा उठली. त्या ऑगस्टमध्ये आग्रा जिल्ह्यातील एका खेड्यात साठीच्या पुढची एक दलित स्त्री पहाटेच्या अंधारात वाट चुकून दुसऱ्या वस्तीकडे गेली. तिला चेटकीण समजून मारण्यात आले, आणि त्यात तिचा अंत झाला. अफवेला डोळे नसतात असे म्हणतात. मला तर दिसते की अफवेला चांगले डोळे असतात. ती दुबळा कोण हे नेमके पाहते.

आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. ते तळे महाड नगरपालिकेनेच ठराव करून सर्वांना खुले केले होते. कोणी कायदा मोडला नव्हता, कोणाला दुखविले नव्हते. परिषद आटोपून माणसे जेवत होती, परतीच्या तयारीत होती. इतक्यात गावात हूल उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत. अशी कोणतीही योजना नव्हती. पण त्या एका खोट्या वाक्यावर लाठ्या घेऊन लोक मंडपावर चालून आले, जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत मिळाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिकारासाठी सोडले नाही, त्यांना आवरून धरले. पुढे तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. पाहा, अफवेला जमाव गोळा करण्यास घटका-दोन घटका पुरल्या. सत्याला निकाल मिळविण्यास दहा वर्षे लागली. ज्या समाजाच्या अंगावर महाडच्या अफवेचे वळ आहेत, त्या समाजाच्या माणसाने दुसऱ्याविषयीची अफवा पुढे ढकलावी, याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट कोणती?

आणि हे केवळ इतिहासाचे नाही. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपली कुटुंबे उचल घेऊन, मुकादमाबरोबर, लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे परक्या शिवारात पाचटाच्या कोप्या घालून सहा सहा महिने राहतात. त्या मुलखात अनोळखी माणूस कोण असतो? तुम्ही असता. पहाटेच्या अंधारात बैलगाडी घेऊन जाणारा, भाषेचा हेल वेगळा असलेला, रडणारे मूल काखेत घेतलेला परका माणूस तुमचाच भाऊ असतो. ‘अनोळखी दिसताच धरा’ हा संदेश बीडमध्ये बसून तुम्ही पुढे पाठविता, तेव्हा तो हात बदलत बदलत एखाद्या दिवशी तुमच्याच भावाच्या कोपीपाशी पोचणार नाही, याची हमी कोण देईल?

आता तुमच्यासाठी म्हणून ज्या अफवा सोडल्या जातात त्यांकडे वळतो. नवदीक्षित कुटुंबांना सर्वांत जास्त घाबरविणारी गोष्ट ही की, बौद्ध झालात तर अनुसूचित जातीच्या सवलती जातील. ही अफवा इतकी चिवट का? कारण तिच्या पोटात एक जुने सत्य आहे, जे आता सत्य राहिलेले नाही. १९५६ मध्ये ज्यांनी नागपुरास दीक्षा घेतली त्यांच्या वेळी राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख असणे आवश्यक होते. बौद्धांचा उल्लेख नव्हता. त्या पिढीने खरोखरच झळ सोसली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळू लागल्या. आणि १९९० मध्ये संसदेने कायदा करून त्या आदेशात बौद्ध धर्माचा समावेश केला. आज हिंदू, शीख व बौद्ध हे तिन्ही धर्म त्या आदेशात आहेत. म्हणून जो माणूस आदेशातील अनुसूचित जातीचा आहे त्याचा हक्क बौद्ध झाल्यामुळे जात नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात तर धर्माची अटच नाही. इतर प्रवर्गांतून धम्मात आलेल्या बांधवांनी आपल्या नोंदीविषयी समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर घ्यावे. दाखल्यावर काय लिहावे हे उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारावे, व्हॉट्सॲपला विचारू नये.

दुसरी अफवा अशी की, धर्म बदलला तर वडिलोपार्जित जमिनीवरील हक्क बुडेल. हेही खोटे आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या दुसऱ्याच कलमात सांगतो की, तो बौद्धांनाही लागू आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही हीच तरतूद आहे. त्या कायद्याचे नाव आपल्याला रुचो वा न रुचो, आणि त्यावर वेगळा विचार व्हावा असे कोणाचे मत असो वा नसो, बौद्ध झाल्यामुळे मुलाचा किंवा मुलीचा वारसा तुटत नाही हे निश्चित. भावकीतील कोणी हे सांगून तुमच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊ पाहत असेल, तर समजा की ती अफवा नाही, तो डाव आहे.

तिसरी अफवा कोपाची. देव्हारा काढला आणि पंधरा दिवसांत मूल आजारी पडले, म्हणून शेजारीण म्हणते, पाहा! मी विचारतो, ज्यांच्या घरी देव्हारा आहे त्यांची मुले आजारी पडत नाहीत काय? जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून पाहा, तेथे सर्व धर्मांची मुले दिसतील. ताप आला तर डॉक्टर, साप चावला तर दवाखाना, हाच मार्ग. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तापाची वार्ता ऐकून प्रतिज्ञेवरून माघार घेऊ नये.

‘करणी’चा संदेश पाठविणाऱ्याने मात्र कायदा नीट ऐकून ठेवावा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर तो अस्तित्वात आला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, दंड वेगळा.

‘मी लिहिले नाही, आलेले फक्त पुढे पाठविले’ हा बचाव मी पुष्कळांच्या तोंडी ऐकतो. तो लंगडा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये, लोकांत भीती किंवा वैर माजेल अशी खोटी माहिती वा अफवा तयार करणाऱ्याबरोबर ती प्रसृत करणाराही येतो, आणि ते इलेक्ट्रॉनिक साधनाने केले तरी येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. त्या कलमाला एक अपवाद आहे. गोष्ट खरी मानण्यास वाजवी कारण असेल आणि हेतू शुद्ध असेल, तर गुन्हा होत नाही. पण ‘मला आले होते’ हे वाजवी कारण नव्हे. जमावाचा कायदा याहून कठोर आहे. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी गुन्हा घडला तर, ज्याने काठी उचलली नाही तोही, जमावाचा घटक म्हणून कलम १९० खाली दोषी ठरू शकतो. जात, समाज, भाषा, जन्मस्थान यांसारख्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर कलम १०३ प्रमाणे त्यांतील प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्येविरुद्ध निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, अशी आज्ञा त्या निकालात आहे. अफवा पसरत असेल तर तक्रार कोणाकडे न्यावयाची, हा प्रश्न आता उरलेला नाही.

कोणी म्हणेल, ‘खबरदारी म्हणून पाठविले, खोटे निघाले तर काय बिघडले?’ राईनपाड्यात जे बिघडले ते मी सांगितले. खबरदारी घेणे म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणे, शाळेच्या वाटेवर मोठ्या माणसाने सोबत जाणे, संशय आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविणे. गावाला भडकविणे ही खबरदारी नव्हे.

मग संदेश आला तर करावे काय? न्यायालयात साक्षीदाराला जे विचारतात तेच विचारा. पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे, १८७२ पासूनचा, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कलम ५५ मध्ये कायम आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर जो म्हणतो ‘मी पाहिली’ त्यानेच साक्ष द्यावी. ‘अमक्याने मला सांगितले’ हे चालत नाही. तेव्हा पहिला प्रश्न: हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? त्याचे नाव, गाव आहे काय? दुसरा: हे केव्हाचे आणि कोठले? तारीख व ठिकाण नसलेला संदेश बेवारस असतो. तिसरा: हे पडताळता कोठे येईल? ठाण्यात, तहसिलीत, शाळेत, दवाखान्यात विचारा. चौथा: हे मानले तर माझ्या मनात काय वाढते, समजूत की द्वेष? संदेशावर दोन बाण एकत्र दिसले तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला आहे, हेही ध्यानात ठेवा. पाच हात फिरलेली साक्ष कोणताही न्यायाधीश ऐकून घेणार नाही.

चौथा प्रश्न माझा नाही, तो तथागतांचा आहे. कालामांनी विचारले होते की, अनेक गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तथागतांच्या उत्तराचा आशय असा की, ऐकिवात आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका; ती लोभ, द्वेष व मोह वाढविते काय, हे स्वतः पारखा, आणि अहितकारक दिसली तर टाकून द्या. जगात इतका निर्भय धर्मोपदेश विरळा. त्यातील एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. सांगणारा आपला आहे म्हणूनही मानू नका, असे तथागत म्हणाले. बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्ये, निळ्या रंगात, त्यांच्या छायाचित्राखाली रोज फिरतात. आपल्याला सुखावतात म्हणून आपण ती पुढे पाठवितो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडाखंडांनी प्रसिद्ध केली आहेत. वाक्य त्यात सापडले तर अभिमानाने पाठवा. सापडले नाही तर थांबा. खोट्याच्या आधाराने बाबासाहेबांचा गौरव होत नाही, त्यांच्या विरोधकांची मात्र सोय होते.

माझी आपणांस विनंती इतकीच आहे. प्रत्येक घरात जो मुलगा किंवा मुलगी शिकलेली आहे तिच्यावर हे काम सोपवा. आजीला संदेश आला तर नातीने तो वाचावा, वरील चार प्रश्न विचारावेत आणि आजीला उत्तर सांगावे. आजीला हसू नये; तिच्या पिढीने भीती खरोखर भोगली आहे. विहारात आठवड्यातून एकदा, वंदनेनंतर, त्या आठवड्यात आलेली अफवा आणि तिची खातरजमा सांगावी. गावात परका माणूस आला आणि गलका झाला, तर आपल्यातील दोघा-चौघांनी पुढे होऊन त्याला एका बाजूस बसवावे, पाणी द्यावे, पोलिसांना फोन करावा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये. महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांचा हात आवरला. आज कोणा परक्यावर उठलेला हात आवरणे हे काम आपल्याकडे आले आहे.

दर वंदनेला आपण पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. ते शील केवळ जिभेचे आहे असे समजू नका, बोटाचेही आहे. ज्याची खात्री नाही असा संदेश पुढे पाठविणे म्हणजे त्याची सत्यता स्वतःच्या नावाने जगाला सांगणे होय. यापुढे भीतीचा संदेश आला की, तो आपल्यापाशी थांबवा. साखळी तुटली म्हणून काही होणार नाही. आपल्या पूर्वजांच्या पायांतील साखळ्यासुद्धा कोणीतरी तोडल्या, म्हणूनच आज आपण येथे ताठ मानेने बसलो आहोत.

नमो बुद्धाय. जय भीम!